जेल पॉलिश नखावरून लवकर का सुटते?

प्रश्न : सलूनमध्ये लावलेले जेल पॉलिश चौथ्या-पाचव्या दिवशीच कडेने सुटू लागते, ते ओढून काढले तर चालेल का?

उत्तर १ : कृपया ओढू नका, कारण त्यासोबत नखाचा वरचा पापुद्राही निघतो. दोष बहुधा पूर्वतयारीत असतो: नखावर तेल किंवा ओलावा राहिला, मुळाशी चिकटलेली कातडी नीट काढली नाही किंवा जेल त्वचेवर ओघळले, तर पकड बसत नाही.

उत्तर २ : जेलचा जाड थर ते घट्ट करणाऱ्या अतिनील (UV) दिव्याखाली आतपर्यंत घट्ट होत नाही, हेही एक कारण आहे. काढताना वरचा थर हलकेच घासून ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस १० ते १५ मिनिटे ठेवावा.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. एक नख मात्र हिरवट दिसते.

उत्तर १ : मग त्यावर पुन्हा जेल न लावता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे, सुटलेल्या जेलखालच्या पोकळीत ओल साचून जिवाणूसंसर्ग होऊ शकतो.