फुकट आणि हक्काची ई-पुस्तकं : तुम्ही कुठे शोधता, कशी वाचता?

मराठीत फुकट ई-पुस्तक म्हटलं की लोकांना व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पीडीएफच आठवतात, आणि जे खरंच सगळ्यांसाठी खुलं आहे त्याचा पत्ताच नसतो, म्हणून म्हटलं आपापले अनुभव इथे लिहूया. आपल्याकडे लेखक गेल्यानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची, ती संपली की पुस्तक प्रताधिकारमुक्त, म्हणजे त्यावर कुणाचा कॉपीराइट राहत नाही. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेलं सगळं २०११ पासून कुणीही टाईप करा, छापा, वाटा. तर काय सापडलं, कसं सापडलं, वाचताना काय मजा आली ते सांगा. नुसत्या लिंका नकोत, अनुभव हवेत.

*

मी सुरुवात करतो. आमचं गाव राजापूर तालुक्यात. इंटरनेट अर्काइव्ह या जुन्या पुस्तकांच्या फुकट साइटवर ब्रिटिशांच्या काळातलं रत्नागिरी-सावंतवाडीचं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ आहे, १८८० सालचं, पूर्ण स्कॅन केलेलं आणि आत शब्द टाकून शोधताही येतं. फक्त गावांची स्पेलिंगं तेव्हाची, त्यामुळे दोन-चार प्रकारे टाईप करून बघावं लागतं. बाबांना इंग्रजी वाचायचा कंटाळा, मग मी रात्री जेवणं झाली की मोबाईलवर वाचायचो आणि मराठीत सांगायचो. राजापूरची गंगा, उन्हाळे गावातले गरम पाण्याचे झरे, बंदरात काय माल यायचा, सगळं. घाटवाटांमध्ये अणुस्कुरा आला तसे बाबा उठूनच बसले, म्हणाले अरे थांब, आमचे आजोबा याच वाटेनं बैलांवर मीठ घालून वर न्यायचे, आणि मग त्यांनी जे सांगायला सुरुवात केली ते मी कधीच ऐकलं नव्हतं. गॅझेटियर बाजूलाच राहिलं. ज्यांचं गाव जुन्या मुंबई इलाख्यात येतं त्यांनी आपल्या जिल्ह्याचा खंड नक्की काढून बघा, पुण्याचे, साताऱ्याचे, नाशिकचे सगळे आहेत.

*

आम्ही जर्मनीत असतो. लेक सहा वर्षांची, मराठी बोलते पण वाचायला नको म्हणायची, आणि इथे मराठी गोष्टीची पुस्तकं आणणार कुठून, भारतातून आणलेली बॅगेच्या वजनात बसत नाहीत. मावशीने प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या साइटबद्दल सांगितलं. भाषा मराठी निवडायची, पातळी १ ते ४ पैकी एक निवडायची, झालं. पहिल्या पातळीत पानावर एखादंच वाक्य आणि चित्र मोठं, त्यामुळे तिला दडपण येत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली असल्यामुळे डाउनलोड करून प्रिंट काढली तरी चालतं, मी प्रिंट काढून स्टेपल करून देते, ती त्यावर स्वतःचं नाव लिहून ठेवते. आता आजीला व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवते आणि जोडाक्षर अडलं की आजी सांगते. शिवाय तिथे आपल्याला भाषांतरही करता येतं, त्यामुळे मी एक जर्मन गोष्ट मराठीत करायला घेतलीय.

*

वरच्या ताईंना +१. माझा मुद्दा जरा वेगळा आहे. मला दिसत नाही, मी फोनवर टॉकबॅक आणि कॉम्प्युटरवर एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सॉफ्टवेअरं वापरून वाचतो. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे माझ्यासाठी पानांचे फोटो, त्यात अक्षर नसतंच, स्क्रीन रीडर उघडतो आणि गप्प बसतो. लोक प्रेमाने फाईल पाठवतात, पण ती मला ऐकता येत नाही. २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय आहे, ज्यांना छापील वाचता येत नाही त्यांच्यासाठी, प्रमाणपत्र देऊन नाव नोंदवायचं आणि पुस्तकं उतरवायची. तिथे बरंच मिळतं, पण जुनं मराठी हवं असेल तर मला सगळ्यात लाडकं विकिस्रोत. तिथे स्वयंसेवक स्कॅनमधलं एकेक पान टाईप करतात, तपासतात, तपासलेलं पान पिवळं, दुसऱ्याने पुन्हा तपासलं की हिरवं. हिरव्या पानावर आवाज असा सरळ चालतो ना, कुठे अडखळत नाही, विराम जागच्या जागी येतात, की मी तासन्‌तास ऐकत बसतो. ज्यांना दिसतं त्यांनी दिवसाला एक पान जरी तपासलं तरी माझ्यासारख्यांच्या हातात पूर्ण पुस्तक येतं. खरंच करा.

*

हे वाचून आजच विकिस्रोतवर खातं उघडलं. कळकळीने लिहिलंत, आभार.

एक छोटी भर. कुणाकडे प्रताधिकारमुक्त स्कॅन असेल तर गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा, मराठी अक्षरं बऱ्यापैकी ओळखतं. मोठी फाईल एकदम देऊ नका, थोडी थोडी पानं द्या. रफार आणि अनुस्वार मात्र डोळ्यांनी तपासावेच लागतात. आणि फोनवर वाचायला रीडएरा हे अ‍ॅप, जाहिराती नाहीत, ईपब प्रकारची फाईल असेल तर अक्षर हवं तेवढं मोठं होतं.

*

मी निवृत्त शिक्षिका. ज्ञानेश्वरी वाचायला घेतली तेव्हा शब्द अडायचे, मग भाच्याने शिकागो विद्यापीठाची कोशांची साइट काढून दिली, त्यात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे आणि दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोशही आहे, दोन्ही फुकट. आता डावीकडे ओवी आणि उजवीकडे कोश असं लावून बसते. एक शब्द बघायला जावं तर त्याच्या शेजारचे चार वाचून होतात, म्हणी सापडतात, शेतीचे, सुतारकामाचे, दागिन्यांचे शब्द सापडतात आणि दुपार कशी जाते कळत नाही. मराठी विश्वकोशही असाच, एका नोंदीतून दुसरीत. आणि साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या साइटवर मंडळाने काढलेली कितीतरी पुस्तकं पीडीएफमध्ये ठेवली आहेत, ती आपल्याच करातून झालीयत, वाचा.

*

ई-साहित्य प्रतिष्ठानचं कुणीच कसं लिहिलं नाही? कर्जत लोकलमध्ये माझं निम्मं वाचन त्यांचंच. लेखक स्वतःहून पुस्तक विनामूल्य देतात. मी वाचून झाल्यावर लेखकाला आवर्जून कळवतो, एका कवीशी त्यातून चांगली ओळख झालीय.

*

मी एका छोट्या प्रकाशनात काम करते, म्हणून कळकळीने सांगते. आमचं नवं पुस्तक बाजारात आलं आणि महिन्याभरात कुणीतरी पानं स्कॅन करून ग्रुपवर टाकली. लेखिकेने त्यासाठी वर्षानुवर्षं गावोगाव फिरून मुलाखती घेतल्या होत्या. पुढची आवृत्ती काढायची की नाही यावर आम्ही अजून अडकलोय. वर एवढा खजिना लिहिलाय तुम्ही सगळ्यांनी, तो मनसोक्त लुटा, पण हयात लेखकाची अशी फाईल आली तर पुढे पाठवू नका, पाठवणाऱ्यालाही सांगा.

*

पूर्ण पटलं.

जुने मासिकांचे अंक शोधणाऱ्यांसाठी : इंटरनेट अर्काइव्हवर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचे स्कॅन आहेत, पण नावं बऱ्याचदा रोमन लिपीत आणि वाट्टेल त्या स्पेलिंगने. देवनागरीत काही आलं नाही तर रोमनमध्ये शोधा, शेवटचा ए लावून, न लावून, दीर्घाला दोन ए देऊन. भाषा मराठी हा फिल्टरही लावा. मला आजोबांनी जपलेल्या मासिकाचे हरवलेले अंक असेच मिळाले. कुणाला विदर्भातली जुनी नियतकालिकं मिळाली असतील तर इथे नक्की लिहा, मी शोधतोय.