बेकारी भत्ता संपला की माणूस आकड्यातून गायब होतो का?

शंकासुर: अमेरिकेत बेरोजगारीचा जो टक्का दर महिन्याला जाहीर होतो तो म्हणे भत्ता घेणाऱ्यांची डोकी मोजून काढतात. बहुतेक राज्यांत 26 आठवड्यांनी भत्ता बंद, म्हणजे माणूस यादीतून पण बाहेर. मग टक्का उतरला यात कौतुक कसलं, लोकांना नोकऱ्या लागल्या की नुसते भत्ते संपले?

आकडेमोड्या: नाही हो, हा गैरसमज लई जुना आहे. तो टक्का भत्त्याच्या यादीवरून निघतच नाही, दर महिन्याला साधारण 60,000 घरांचा सर्व्हे होतो त्यातून निघतो. ज्या आठवड्याबद्दल विचारतात त्या आठवड्यात तासभरही पगारी काम नाही, गेल्या 4 आठवड्यांत काम शोधलंय, मिळालं तर लगेच करायची तयारी आहे, की झाला बेकार. भत्ता मिळो न मिळो. दर गुरुवारी क्लेम्सचा, म्हणजे भत्ता मागणाऱ्यांचा, आकडा येतो तो भत्त्याचा, आणि त्यात पहिलीच नोकरी शोधणारा किंवा उगाच राजीनामा देऊन बसलेला सहसा नसतोच. बातम्यांवाले दोन्हीची खिचडी करतात.

शंकासुर: म्हणजे भत्त्याचा टक्क्याशी काडीचा संबंध नाही?

बिनपगारी: आहे ना, पण आडून. भत्ता हवा तर काम शोधतोय हे दाखवावं लागतं. समजा साठीला टेकलेला माणूस आहे, एरवी कंटाळून त्याने नाद सोडला असता, पण भत्त्यापायी अर्ज टाकत राहतो म्हणून सर्व्हेत बेकार. भत्ता संपला, अर्ज थांबले, की तो बेकार राहत नाही, मोजणीत तो 'काम शोधतच नाही' या खात्यात जातो. टक्का खाली आला आणि नोकरी एकाला पण लागली नाही! 2008 च्या मंदीनंतर काही राज्यांत भत्ता 99 आठवड्यांपर्यंत वाढवला होता, तेव्हा याच्यावरून जाम वाद झाले. तेव्हा तुमची शंका अगदीच चूक नाही, फक्त रस्ता वेगळा.

कट्टेकरी: आणि जिथे भत्ताच नाही तिथे उलटं. बेकार बसणं परवडतच नाही, मग पडेल ते काम, दोन तास का होईना, आणि कागदावर तो रोजगारवाला. गरीब देशांचा टक्का बघून म्हणूनच फसायला होतं. जर्मनीत तर आठवड्याला 15 तासांहून कमी काम करणारा सरकारी नोंदीत बेकार राहू शकतो, सर्व्हेत मात्र कामावर. मी तर सरळ एकूण लोकसंख्येत किती जण कामावर आहेत तेच बघतो.

आकडेमोड्या: वरच्या माझ्याच पोस्टमध्ये एक राहिलं. तात्पुरत्या ले-ऑफवरचा माणूस, परत बोलावतील अशी आशा असेल तर काम न शोधताही बेकारच धरतात. एप्रिल 2020 ला अमेरिकेत टक्का 14.7 झाला त्यात बहुतेक असलेच होते.