‘कुटुंब’ की ‘घरची माणसं’? बालवाडीसाठी शब्द हवा आहे

आमच्या बालवाडीत पुढच्या महिन्यात ‘माझे कुटुंब’ हा विषय घ्यायचा आहे. तक्त्यावर आई, बाबा, दादा, ताई, आजी, आजोबा छापलेत. चार वर्षांच्या मुलांना ‘तुझ्या कुटुंबात कोण कोण आहे?’ विचारलं की ती तक्ता बघून सांगतात. घरी हा शब्द त्यांच्या कानावरच पडत नाही. वर्गातली एक मुलगी आणि तिची आई, दोघीच राहतात. एक मुलगा मामाकडे वाढतोय. त्यांनाही आपलंसं वाटेल असं काय विचारू? ‘परिवार’ नको, तो लग्नपत्रिकेतला वाटतो.

— ‘कुटुंब’ म्हणजे पूर्वी चक्क बायको. ‘कुटुंब माहेरी गेलंय’ असं माझे आजोबा सहज म्हणायचे. ‘खटलं’ म्हटलं की खाणारी तोंडं मोजायची, ‘बिऱ्हाड’ म्हटलं की भाड्याची खोली आणि उचललेलं सामान डोळ्यांपुढे येतं. मुलांसाठी ‘घर’च बरं. मात्र ‘घरी कोण असतं?’ आणि ‘घरचं कोण कोण?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यात आज उंबऱ्याच्या आत असलेली माणसं येतात, दुसऱ्यात लांब असलेलीही.

— हा फरक मला रोज दिसतो. मी बीड जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक ‘कोयता’ म्हणतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते कारखान्यांकडे निघतात, ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पुष्कळ लेकरं आजीपाशी राहतात. जानेवारीत एकाला विचारलं, ‘घरी कोण असतं रे?’ म्हणाला, ‘म्हातारी, मी अन् शेळी.’ मग विचारलं, ‘अन् घरचं कोण कोण?’ त्यानं बोटं दुमडत आई, आप्पा, म्हातारी मोजले, थोडं थांबून शेळीही मोजली. मी तिला वगळलं नाही. पहिलाच प्रश्न विचारून थांबले असते, तर त्याचे आई-आप्पा राहूनच गेले असते.

— एक सांगू? मूल ज्याला जे म्हणतं ते दुरुस्त करू नका. एकत्र घरात काकाचं ऐकून आम्ही आईला ‘वहिनी’ म्हणायचो आणि आजीला ‘आई’. पहिलीत बाईंनी चारचौघांत ‘वहिनी नाही, आई म्हण’ म्हटलं, तेव्हा मला रडू फुटलं होतं.

— ‘पालक’ या शब्दाकडेही बघा. पालन करणारा तो पालक. आई-वडीलच असं त्यात कुठेच नाही. तरी प्रवेशाच्या अर्जावर सही करताना आजी विचारते, ‘मी केली तर चालंल का?’ चालते, आणि हे तिला मोठ्यानं सांगायला हवं. कागद हळूहळू बदलतायत. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. ही मुलं आता बालवाडीच्या वयाला येतील.

— सगळ्यांचे मनापासून आभार. छापील तक्ता उतरवला. त्या जागी कोरे कागद लावलेत, वर ‘माझी घरची माणसं’ एवढंच लिहिलंय. मामाकडच्या मुलानं आज मामा-मामीच्या मध्ये स्वतःला काढलं आणि विचारलं, ‘बाई, आई पुण्यात आहे, ती कुठं काढू?’ त्याला कागदाला कागद जोडून दिला.