मुलांच्या ॲनिमेशनपटांचे दुसरे भाग : सुट्टीत जोडीनं दाखवण्यासारखे कुठले?

विश्रामबाग_गच्ची
सांगलीत अपार्टमेंटच्या गच्चीवर मे महिन्यात पाच संध्याकाळी पोरांसाठी सिनेमा लावायचा ठरलाय. पोरं पंचवीसेक, वय ५ ते १३. एका संध्याकाळी पहिला भाग, दुसऱ्या संध्याकाळी त्याचाच दुसरा, अशा दोन जोड्या. पाचवी संध्याकाळ वळवासाठी राखीव.
कमिटीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, दुसरा भाग म्हणजे चोथ्यात परत पाणी घालून उकळलेला चहा. दुसरा म्हणतो, पोरांना ओळखीची पात्रं मिळाली की बास. जाणकारांनी सांगा, पहिल्याच्या तोडीचे दुसरे भाग खरंच आहेत का? आणि न बघता ओळखायचं कसं? सगळे बघत बसायला वेळ नाही.

रीळ_आणि_फिरकी
आहेत की, पण थोडे. न बघता चाळणी लावायची तर आधी एक गोष्ट तपासा: तो भाग थिएटरसाठी बनला होता की थेट कॅसेट-डीव्हीडीसाठी.

डिस्नेनं १९९४ च्या ‘द रिटर्न ऑफ जाफर’पासून (‘अलादीन’चा दुसरा भाग) आपल्या गाजलेल्या चित्रपटांचे दुसरे भाग थेट व्हिडिओवर काढायचा धडाका लावला. बजेट कमी, टीम वेगळी, लांबी सव्वा तासाच्या आतबाहेर. ‘जाफर’मध्ये जिनीचा आवाज पहिल्या भागातल्या रॉबिन विल्यम्सचा नाही, डॅन कॅस्टेलानेटाचा आहे. विल्यम्स परतला तो १९९६ च्या तिसऱ्या भागात. ‘लायन किंग २’ (१९९८) मध्ये सिंबाचा आवाज तोच, मुफासाचा आवाज तोच, पण चित्रं मुख्यतः डिस्नेच्या सिडनीच्या टीव्ही ॲनिमेशन स्टुडिओत झाली आणि पार्श्वसंगीत पहिल्या भागाच्या हान्स झिमरचं नाही. लागोपाठच्या संध्याकाळी लावलात तर फरक पोरांनाही कळेल. गवताळ माळ रिकामा दिसतो, गर्दीच्या दृश्यात मागचे प्राणी हलत नाहीत. २००६ साली ‘टॉय स्टोरी’वाल्या पिक्सार स्टुडिओची मंडळी डिस्नेत आली आणि पुढं हा कारखाना गुंडाळला गेला. त्यामुळं १९९४ ते २००८ मधला डिस्नेचा ‘२’ दिसला की आधी हा प्रश्न विचारा.

याला सगळ्यात मोठा अपवाद ‘टॉय स्टोरी २’ (१९९९). तोही व्हिडिओसाठीच सुरू झाला होता, मग थिएटरला हलवला आणि प्रदर्शनाला साधारण नऊ महिने उरले असताना कथा नव्यानं बांधली. फायली चुकून उडाल्या आणि टीममधल्या एकीच्या घरच्या कॉम्प्युटरवरच्या प्रतीमुळं वाचल्या हा किस्सा सगळे सांगतात. पण फायली वाचल्या म्हणून सिनेमा चांगला झाला नाही. वाचलेलंही बरंचसं बाजूला ठेवून परत लिहिलं, म्हणून झाला.

त्यातला दुरुस्तीवाल्या म्हाताऱ्याचा प्रसंग बघा. तो वुडीचे, म्हणजे नायक असलेल्या काउबॉय खेळण्याचे, डोळे कापसाच्या काडीनं पुसतो, उसवलेला हात शिवतो, गाल रंगवतो आणि शेवटी बुटाच्या तळव्यावरचं ‘अँडी’ हे मालक पोराचं नाव रंगानं झाकून टाकतो. खेळणं नवंकोरं झालं, पण मालक पुसला गेला. पुढं वुडीचं मन फिरतं तेव्हा भाषण नाही, तो फक्त तळव्यावरचा रंग खरवडून काढतो. पहिल्या भागात ते नाव मिरवायची गोष्ट होती, इथं ते जायची भीती आहे. दुसरा भाग पहिल्यातल्याच वस्तूला नवं वजन देतो तेव्हा तो चोथ्याचा चहा राहत नाही.

भडंगवाला
एवढं कशाला? कमाई बघा आणि लावा. ‘इन्साइड आउट २’नं पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट कमावले.

मिरज_प्लॅटफॉर्म_३
भडंगवाले, कमाईवरून पहिला भाग किती आवडला होता ते कळतं, दुसरा कसा आहे ते नाही. ‘मोआना २’ (२०२४) घ्या. कमाई १०० कोटी डॉलरच्या वर, पहिल्यापेक्षा जास्त. पण तो मुळात ओटीटीवरची मालिका म्हणून सुरू झालेला, नंतर सिनेमा केलेला. सांधे दिसतात. होडीवर नवे सोबती चढतात, प्रत्येकाला एकेक लकब मिळते आणि कुणाचंच पुढं काही होत नाही. मालिकेत त्यांना एकेक भाग मिळाला असता, शंभर मिनिटांत जागाच नाही. गाण्यांनाही पहिल्या भागाचा गीतकार लिन-मॅन्युएल मिरांडा नाही.

रीळभाऊंच्या चाळणीलाही भोक आहे. ‘कार्स २’ (२०११) थिएटरसाठीच बनला, दिग्दर्शक तोच जॉन लॅसेटर, पैसा भरपूर. तरी पिक्सारचा सगळ्यात फसलेला सिनेमा म्हणून त्याचंच नाव निघतं. ऑस्करला ॲनिमेशनपटाचा विभाग सुरू झाल्यापासून नामांकन न मिळालेला त्यांचा पहिला सिनेमा हाच. कारण साधं आहे. मेटर हा गंजका ट्रक पहिल्या भागात लोणच्यासारखा होता, ताटात एका कडेला. दुसऱ्यात १०६ मिनिटं त्याचंच जेवण. त्याला हेर समजलं जातं, तो गोंधळ घालतो, परत गोंधळ घालतो. शेवटी तो होता तसाच बरोबर ठरतो, म्हणजे कथेनं त्याला काही मागितलंच नाही.

आता याच्या शेजारी ‘फाइंडिंग डोरी’ (२०१६) ठेवा. डोरी ही विसराळू मासळीही पहिल्या भागातली, म्हणजे ‘फाइंडिंग नीमो’तली, विनोदी जोडीदारीणच. पण तिचं विसरणं ‘नीमो’त हसायला होतं, इथं तीच अडचण आहे: विसरणाऱ्या मुलीला वाढवताना आईबापांनी काय केलं असेल? घरापासून चारी दिशांना शिंपल्यांच्या ओळी, कधीतरी एखादी ओळ धरून ती परत येईल म्हणून. वर्षानुवर्षं मांडलेल्या. विनोद तोच, पण खालचा खड्डा दाखवला.

माझी चाळणी ही: पहिल्या भागात गंमत म्हणून सोडून दिलेला एखादा प्रश्न दुसऱ्यानं गांभीर्यानं उचललाय का? ‘कुंग फू पांडा’त पो या पांडाचा बाप बदक-हंसाच्या जातीचा, नूडल्स विकणारा. सगळे हसतात, कुणी विचारत नाही. दुसरा भाग (२०११) नेमकं तेच विचारतो. दोन्ही दीड तासाच्या आसपास. तुमच्या गच्चीला फिट्ट.

रीळ_आणि_फिरकी
मेटर-डोरीची तुलना मान्य. भोक बुजवतो: दिग्दर्शक तोच असणं ही अट चांगली, पण पुरेशी नाही. ‘हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन’च्या तिन्ही भागांत दिग्दर्शक डीन डेब्लॉय आणि संगीतकार जॉन पॉवेल कायम आहेत, आणि नायकाचं वयही पुढं सरकतं, पहिल्यात १५, दुसऱ्यात २०. ‘इन्साइड आउट २’चा दिग्दर्शक मात्र नवा, केल्सी मॅन. तरी जमलंय, कारण मुलगी ११ ची १३ ची झाली आणि त्या वयाचा नवा त्रास आत आला. या सिनेमात मुलीच्या डोक्यातल्या भावना हीच पात्रं. चिंता नावाची नारिंगी बाई डोक्यातल्या कंट्रोल पॅनेलभोवती इतक्या वेगानं फिरते की तिचं वादळ होतं आणि मधोमध ती स्वतः गोठलेली, डोळ्यात पाणी. बाहेर मुलगी बाकाची कड घट्ट धरून बसलेली. मोठ्या पोरांना समजावून सांगावं लागत नाही.

देशी जोडी हवी असेल तर ‘हनुमान’ (२००५) आणि अनुराग कश्यपचा ‘रिटर्न ऑफ हनुमान’ (२००७). पण ही जोडी नावापुरती. दुसऱ्यात मारुती शाळेत जाणारा पोरगा आहे. पहिला पौराणिक, दुसरा मस्तीचा. पाठोपाठ लावून तुलना करू नका, दोघांवर अन्याय होतो.

कृष्णाकाठची_आई
वय ५ ते १३ म्हटलंत म्हणून. दुसरे भाग बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा जास्त भीतिदायक असतात, कारण पहिला भाग बघितलेली पोरं तोवर मोठी झालेली असतात. तुमची झालेली नाहीत, त्यांच्यासाठी मधे एकच रात्र गेली.

‘ड्रॅगन २’मध्ये नायकाचे वडील मरतात, तेही लाडक्या ड्रॅगनच्याच हल्ल्यात. ५-६ वर्षांच्यांना नको. ‘पुस इन बूट्स : द लास्ट विश’ (२०२२) मधला शीळ घालणारा लांडगा म्हणजे साक्षात मृत्यू. सिनेमा पहिल्यापेक्षा कितीतरी सरस, पण आठ वर्षांखालच्यांना शीळ ऐकूनच रडू येईल. ‘पांडा २’मध्ये आई बाळाला मुळ्यांच्या पेटीत लपवते आणि स्वतः लांडग्यांना दुसरीकडे पळवत नेते. तो भाग वेगळ्या, सपाट चित्रशैलीत असल्यानं धार कमी होते, तरी लहानांच्या शेजारी मोठं कुणी बसवा.
‘इनक्रेडिबल्स २’ लावणार असाल तर आधी सगळ्या पालकांना विचारा, कुणाला फिटचा त्रास आहे का. त्यात प्रखर लुकलुकत्या प्रकाशाची मारामारी आहे. प्रदर्शनाच्या वेळी थिएटरांत तशा सूचनाही लावल्या होत्या.

भाषा: लहानांना सबटायटल वाचता येत नाहीत, त्यामुळं हिंदी डब. दोन्ही भागांचा डब आधी पाच-पाच मिनिटं ऐका. दुसऱ्या भागाला बऱ्याचदा सिनेमातली मोठी नावं घेतात (‘इनक्रेडिबल्स २’ला काजोल, ‘इन्साइड आउट २’ला अनन्या पांडे), मग आवाज बदलल्यावर लहान पोरं “ही ती नव्हेच” म्हणून बसतात. मराठीत फार थोडं आहे. स्पायडर-मॅनच्या ‘स्पायडर-व्हर्स’चा दुसरा भाग (२०२३) आपल्याकडं दहा भाषांत आला, त्यात मराठीही होती. पण तो १४० मिनिटांचा आणि शेवट अर्धवट तोडलेला. पोरं तुम्हाला सोडणार नाहीत.

पडदा_पुढं_ओढा
यंत्राचं बोलतो. मे महिन्यात आपल्याकडं सूर्य सातच्या सुमाराला मावळतो, साडेसातच्या आत चित्र फिकटच दिसणार. दहा फुटी पडद्याला निदान ३००० ल्युमेनचा (उजेडाचं माप) प्रोजेक्टर घ्या. चादर लावणार असाल तर मागं काळं कापड, नाहीतर उजेड आरपार जातो आणि रंग मरतात. खालच्या कडेला शिवणीतून पीव्हीसी पाइप घाला. गच्चीवर वारं असतं, पडद्याचं शीड होतं.

महत्त्वाचं म्हणजे प्रोजेक्टर किंवा टीव्हीचं मोशन स्मूदिंग बंद करा. ‘लास्ट विश’मध्ये मारामारीची दृश्यं मुद्दाम कमी फ्रेममध्ये आहेत, म्हणून ती चित्रकथेसारखी तुटक-ठसठशीत दिसतात. पहिल्या ‘स्पायडर-व्हर्स’मध्ये जंगलातल्या दृश्यात शिकाऊ स्पायडर-मॅन माइल्सची पोझ दोन फ्रेमला एकदा बदलते आणि मुरलेल्या पीटरची प्रत्येक फ्रेमला, म्हणून पोरगा अडखळतोय असं वाटतं. स्मूदिंग चालू असेल तर मशीन मधल्या फ्रेमा स्वतःच भरतं, आणि मग दुसरा भाग पहिल्यापेक्षा वाईट दिसतो म्हणून लोक सिनेमाला शिव्या घालतात.

घरचं ओटीटी घरापुरतं असतं. गच्चीवर पंचवीस जणांना दाखवायचं म्हणजे हक्कदाराची परवानगी वेगळी, ते आधी बघा. स्पीकर दहाच्या आत बंद.

विश्रामबाग_गच्ची
लय भारी, मंडळी. मग असं: पहिल्या दोन संध्याकाळी ‘टॉय स्टोरी’ १ आणि २ (८१ आणि ९२ मिनिटं), सगळ्या वयांना. नंतर ‘इन्साइड आउट’ १ आणि २, फक्त नऊ वर्षांच्या वरच्यांना. ‘पांडा’ची जोडी दिवाळीला. पाचव्या संध्याकाळी वळीव नाही आला तर ‘टॉय स्टोरी ३’ उरकून टाकू का?

मिरज_प्लॅटफॉर्म_३
लावा, पण उरकू नका. १०३ मिनिटं आहे, साडेसातला सुरू केलात तर मध्यंतर सोडून सव्वानऊला संपेल. शेवटाकडं कचरा जाळायच्या भट्टीचा प्रसंग आहे, खेळणी एकमेकांचे हात धरतात तो. तिथं लहान घाबरतात, म्हणून मध्यंतर त्याच्या बरंच आधी घ्या, पाळणाघरातल्या पहिल्या रात्रीनंतर. आणि ‘४’ त्याच आठवड्यात नको. तिसऱ्यात अँडी खेळणी देऊन टाकतो, तिथं दार नीट लागलेलं आहे.

कृष्णाकाठची_आई
आणि त्या दिवशी नऊखालच्यांनाही बोलवा. दोन संध्याकाळी घरी बसवलेली असतील.