पेशंटला माहीत नसतं हे कशावरून?

या चर्चेत वर कोणीतरी म्हटलंय की आता वाचणार नाही हे पेशंटला शेवटपर्यंत न सांगणं हीच माया, तो बिचारा निवांत जातो. हेतू चांगलाच असतो, पण यात त्याला काही कळलेलं नाही असं धरून चाललोय आपण, ते मला पटत नाही. ग्लेसर आणि स्ट्रॉस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी सॅन फ्रान्सिस्कोकडच्या हॉस्पिटलांमध्ये हेच बघितलं, १९६५ मध्ये ते छापून आलं. कधी पेशंटला पत्ताच नसतो, कधी नुसता संशय असतो, कधी उघड बोलणं होतं, आणि एक प्रकार असा की सगळ्यांना माहितीये पण सगळेच नाटक करतायत. हा शेवटचा मी जवळून पाहिलाय. मावशी विचारायची नव्या चष्म्याचा नंबर काढायला कधी जायचं, आम्ही म्हणायचो पुढच्या महिन्यात जाऊ की, आणि त्याच संध्याकाळी तिने कपाटाच्या किल्ल्या गुपचूप मुलीच्या हातात दिल्या. आता यात कोण कोणाला सांभाळत होतं!

आणि हो, 'डॉक्टरसुद्धा सांगत नाहीत, म्हणजे काहीतरी कारण असेलच' हा मुद्दाही आलाय. अमेरिकेत १९६१ च्या एका सर्व्हेत जवळपास ९०% डॉक्टर कॅन्सरचं निदान पेशंटला सांगणं टाळत होते, १९७९ मध्ये तोच प्रश्न विचारला तर ९७% म्हणाले सांगतो. अठरा वर्षांत माणसाचं मन काही एवढं बदलत नाही, त्या धंद्यातला रिवाज बदलला.