सी आणि पायथन ह्या प्रोग्रामिंग भाषांमध्ये एकच कंडिशन, उत्तर वेगळं का?

ठिबकवाला_यावल:
राम राम मंडळी. यावलकडे आमची केळी आहे, विहिरीवरच्या मोटरीसाठी अर्डुइनोवर (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) छोटा कंट्रोलर बनवतोय कारण लाइट रात्रीची असते आन् आबांना आता रात्री दोनला उठवत नाही (म्हणजे मलाच जावं लागतं). स्थिती नावाच्या एका बाइटमध्ये फ्लॅग (हो-नाहीच्या खुणा, एकेका बिटात एक) ठेवलेत, ४ चा बिट लागला म्हणजे विहिरीत पाणी कमी. कंडिशन साधी (अँडच्या चिन्हाने तो बिट तपासायचा, == म्हणजे 'सारखं आहे का'): स्थिती & ४ == ० असेल तर मोटर चालू. लॅपटॉपवर पायथनमध्ये चेक केलं, बरोबर. तीच सी मध्ये टाकली तर मोटर सुरूच होईना, विहीर भरलेली असली तरी. दोन रात्री वायरिंग उसकत बसलो, रिले (मोटर चालू-बंद करणारा स्विच) पण बदलला. असं का होतंय?

लोको_भुसावळ:
रिले कशाला बदलला भो! सी मध्ये == चा नंबर & च्या आधी लागतो. त्याने तुझी ओळ स्थिती & (४ == ०) अशी वाचली, ४ == ० खोटं म्हणजे ०, आणि कशाचाही ० शी अँड केला की ०च. मोटर सुरू होणार कुठून? पायथनच्या ग्रामरमध्ये & आधी, तुलना नंतर. गो भाषेत तर & थेट गुणाकाराच्या पंगतीला बसवलाय. (स्थिती & ४) == ० लिही आन् कंपायलरच्या (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) वॉर्निंग चालू कर, जीसीसी नावाचा कंपायलर अशा ओळीवर कंस सुचवतो.

पार्सरभाऊ_जळगाव:
ह्यात सी ची पण एक मजबुरी होती. सी च्या आधीच्या बी भाषेत आणि अगदी सुरुवातीच्या सी मध्ये && नव्हतंच, कंडिशनमध्ये & च 'आणि' म्हणून चालायचा, अ == ब & क == ड असं लिहायचे, तिथे == आधी असणंच सोयीचं. मग && आलं, पण आधीचा कोड बिघडेल म्हणून & ला जागचा हलवला नाही. सी बनवणाऱ्या डेनिस रिचींनी १९९३ च्या लेखात स्वतःच लिहिलंय की हलवला असता तर बरं झालं असतं. सी++ ने आणि पुढे जावा, जावास्क्रिप्टनेही तोच क्रम उचलला. जावात निदान तुझी ओळ कंपाइलच होत नाही, इंट (पूर्णांक) आणि बूलियनचा (खरं-खोटं) अँड तो करू देत नाही.
अजून एक, सी च्या स्टँडर्डमध्ये प्रेसिडन्सीचा (कुठलं चिन्ह आधी लागतं त्याचा) तक्ता वेगळा दिलेला नाही. बेरजेचा नियम गुणाकाराच्या तुकड्यांवर उभा, तुलनेचा बेरजेच्या, & चा तुलनेच्या, असा नियमांचा जिना आहे. आपण पाठ करतो तो तक्ता त्या जिन्यावरून लोकांनी काढलेला.

कंसवाला_चोपडा:
मी तर तक्ता पाठच करत नाही. स्मॉलटॉक भाषेत २ + ३ * ४ चे २० येतात कारण सरळ डावीकडून, एपीएल भाषा उजवीकडून वाचते, तिथे ३ × २ + १ म्हणजे ९. एक्सेलमध्ये =-२^२ (^ म्हणजे घात) केलं तर ४, पायथनमध्ये -२ ** २ (तिथे घात ** ने) केलं तर -४, जावास्क्रिप्ट सरळ सिंटॅक्स एरर देतं की आधी कंस टाक. मला तेच आवडलं, गपचूप चुकीचं उत्तर देण्यापेक्षा तोंडावर भांडलेलं बरं.

ठिबकवाला_यावल:
कंस टाकला, मोटर चालू झाली. पाणी कमी दाखवून पण बघितलं, बंद होते. जुना रिले चांगलाच निघाला, कुणाला पाहिजे असेल तर सांगा.