फोनवर कोण आहे ते आवाजावरून ओळखा

परवा फोन ठेवला आणि नऊ वर्षांची लेक म्हणाली, "मामा होता ना?" मी नाव घेतलं नव्हतं, स्पीकरही बंद होता. कसं कळलं विचारलं तर म्हणे, "तू 'व्हय' म्हणालीस. साहेब असले की 'हो हो, नक्की नक्की' म्हणतेस, सगळं दोनदा. आणि मावशी असली की वाक्य संपतच नाही." मग तिने तिन्ही नमुने करून दाखवले. हुबेहूब! मला जरा लाजच वाटली.

तेव्हापासून स्वतःकडेच कान लावून बसलेय. वरिष्ठांशी बोलताना माझा आवाज चक्क बारीक होतो. मैत्रिणींत निम्मं वाक्य इंग्रजीत जातं. भावाशी बोलताना जे येतं ते मात्र मी आणत नाही, ते आपलं आपण येतं. यातली मी नक्की कुठली, हा प्रश्न मोठा आहे, तो राहू दे. तुम्ही कुणाशी कसे बदलता ते लिहा. पकडले गेला असाल तर ते आधी!

मागचा बाक

आमच्या घरात 'ण' नव्हता. पानी, कोन, आनि. त्यात काही कमी आहे हे कॉलेजात पहिल्यांदा वर्गासमोर बोलायला उभा राहिलो तेव्हा कळलं. मी 'कारन' म्हणालो आणि मागून कुणीतरी हळूच 'कारन, कारन' केलं. पुढचं काय बोललो ते आजही आठवत नाही.

मग रोज रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर सराव. जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावायचं आणि सोडायचं : बाण, वाणी, कारण, प्रमाण. दोन महिन्यांत 'ण' आला, पण इतका आला की जायला तयार नाही. एका भाषणात मी 'माझ्या मणात' म्हणून गेलो. यालाही भाषाशास्त्रात नाव आहे म्हणे, अतिशुद्धी. सुधारायच्या नादात जे मुळात बरोबर आहे तेही बिघडवायचं.

सुट्टीत घरी गेलो. ओसरीवर आजी होती. मी म्हणालो, "आजी, पाणी दे ना." ती उठली, तांब्या दिला आणि म्हणाली, "घ्या पाव्हनं. कवा आलासा?"

आता गाडी गावच्या फाट्याला वळली की जीभ आपोआप सैल पडते.

*(मी, धागाकर्ती) : दोन महिने जीभ तुम्ही वळवलीत. हसणाऱ्यांनी काय वळवलं? दर वेळी एकाच बाजूने का बदलायचं, हे मला कधी पटलेलं नाही.*

सरळसोट

मी कुणासाठीही बदलत नाही. मंत्री असो की शिपाई, एकच भाषा, एकच आवाज. तोंड बघून बोलणं म्हणजे निव्वळ लाचारी.

रात्रपाळी

मी नर्स आहे. म्हाताऱ्या पेशंटशी माझा आवाज आपोआप वर चढायचा आणि वाक्यं बाळबोध व्हायची. "चला, आता आपण गोळी घेऊया हं. शहाणी आजी कोण?" मला वाटायचं, ही माया.

एक निवृत्त गणिताच्या बाई होत्या. चार दिवस त्यांनी ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी चष्मा लावला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "गोळी मी एकटी घेणार आहे. मग 'आपण' कशाला? आणि मी शहाणी आहे की नाही हे गोळीवरून ठरवू नका."

नंतर वाचलं की या बोलण्याला एल्डरस्पीक म्हणतात. अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये डिमेन्शियाच्या रुग्णांवर अभ्यास झालाय. असं लाडिक बोललं की रुग्ण मदत झिडकारण्याचं प्रमाण वाढतं. म्हणजे मी ज्यांना हट्टी म्हणत होते त्यांतल्या काहींचा हट्ट माझ्याच तोंडून सुरू होत असणार.

आता मी सावकाश बोलते, मोठ्याने बोलते, पण 'तुम्ही' म्हणते. गोळी कशाची आहे तेही सांगते.

चिकटगुंडा

मला समोरच्याचा हेल चिकटतो. दहा मिनिटं पुरतात. नव्या सहकाऱ्याशी बोलताना मीही त्याच्यासारखी वाक्यं शेवटी ओढायला लागलो. तो थांबला. "नक्कल करताय का?" शपथेवर सांगितलं, नाही. पटलं नसणार. मलाही नसतं पटलं.

नंतर जरा आधार मिळाला. पीटर ट्रडगिल या भाषाशास्त्रज्ञाने इंग्लंडमध्ये नॉरिच या आपल्याच गावातल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. पुढे त्याने त्याच टेपांवरचं स्वतःचं बोलणं तपासलं. समोरचा 't' जितका गिळत होता, त्या प्रमाणात हाही गिळत होता. लोकांचं बोलणं मोजायला गेलेला माणूसच बदलत होता!

ॲलन बेल या दुसऱ्या भाषाशास्त्रज्ञाचं उदाहरण तर याहून गमतीचं. न्यूझीलंडमध्ये तेच वृत्तनिवेदक दोन वेगळ्या केंद्रांवर बातम्या वाचायचे. बातम्या साधारण त्याच, पण श्रोतावर्ग बदलला की उच्चार बदलायचे. समोर तर कुणीच नाही, फक्त माइक! यावरून त्याने 1984 साली मांडलं की आपण बोलण्याचा ढंग ऐकणाऱ्याच्या मापाने शिवतो.

हे सगळं त्या सहकाऱ्याला सांगावं असं फार वाटतं, पण सांगायला गेलो तरी त्याच्याच हेलात सांगेन.

रांगेतला

आईच्या माहेरची बोली मी फक्त आईशी बोलायचो. बायकोलाही ती धड कळत नाही. आई जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून एक शब्द नाही. विसरलो असंच धरून चाललो होतो.

मागच्या महिन्यात दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो. शेजारच्या बाईंची पिशवी घसरली आणि त्या स्वतःशीच काहीतरी पुटपुटल्या. तसंच्या तसं आई पुटपुटायची. मी उत्तर दिलं. विचार करून नाही, तोंडातून निघूनच गेलं, आणि आवाजही माझा वाटेना, बारा वर्षांच्या पोराचा वाटला. बाईंनी मान वळवून नीट बघितलं आणि विचारलं, "कुनाचा रं तू?"

मी आईचं नाव सांगितलं. त्या ओळखत नव्हत्या. तरी त्यांचा नंबर येईपर्यंत आम्ही बोलत बसलो, बहुतेक गुडघ्यांबद्दल.

सरळसोट

वरचं माझं लिखाण घरात वाचून दाखवलं. बायकोने काही न बोलता मोबाइल पुढे केला. मी आमच्या कुत्र्याशी बोलतोय त्याचं रेकॉर्डिंग आहे, सव्वा मिनिटाचं. मी त्याला 'अहो' म्हणतोय.